आबांच्या कानातलं इंजिन

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर निम्म्या लेखांना माझं एकच उत्तर असतं – कान तपासून घ्या. ‘कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली’, ‘भिंतीतून गुणगुणल्यासारखं आलं’, ‘जिन्यात पैंजण वाजले’... अहो, माझा धंदाच तो आहे. मी ऑडिऑलॉजिस्ट आहे. स्वारगेटपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं छोटं क्लिनिक आहे. लोकांचे कान तपासायचे आणि लागलं तर कानाचं मशीन बसवून द्यायचं, हे काम मी लग्नाच्या आधीपासून करते. नसलेले आवाज ऐकणारी माणसं रोज माझ्यासमोर बसतात. कुणाच्या कानात रातकिडे असतात, कुणाच्या प्रेशर कुकर, एका काकांच्या कानात तर पेटीची एकच पट्टी कायम दाबून धरलेली असायची. यातल्या एकालाही मी मांत्रिकाकडे पाठवलेलं नाही. पुण्यात जिवंत माणसाला कुणी पटकन दाद देत नाही, तिथे भुताला कोण देणार?

तेव्हा हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण आबा जाऊन आता बरेच महिने झाले आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. मालवणच्या खाली समुद्राकाठी त्यांचं गाव. आयुष्य पाण्यावर गेलं – आधी मासेमारी, मग पर्यटक वाढले तशी डॉल्फिन दाखवायची होडी. मागे इंजिन लावलेली, फायबरची, दहाबारा माणसं बसतील अशी. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आम्ही वारज्यात राहतो. नवरा नीलेश खराडीला आयटीत आहे, म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ तो ऑफिसात तरी असतो नाहीतर ऑफिसच्या रस्त्यात तरी. आबा वर्षातून एकदा यायचे, चार दिवस राहिले की ‘हय वारो नाय गो’ म्हणायचे आणि परत जायचे. पुण्याच्या हवेचं पुण्यात कौतुक असलं तरी त्यांना ती कधीच पटली नाही.

मग एकदा, ऐन सीझनमध्ये, न कळवता आले. एक पिशवी घेऊन स्वारगेटला एसटीतून उतरले आणि थेट माझ्या क्लिनिकमध्ये येऊन पेशंटच्या बाकावर बसले. होडी विकली, म्हणाले. का विकली? तर ‘कंटाळलंय’. एवढंच. नीलेशने खोदून खोदून विचारलं, पण समुद्राबद्दल ते अवाक्षर बोलेनात.

त्यांना कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं, पण घरात कायमचे राहायला आल्यावर किती कमी ते कळलं. टीव्ही एवढा मोठा लागायचा की वरच्या मजल्यावरचे जोशी एकदा खाली येऊन म्हणाले, “आम्ही आमचा टीव्ही विकावा म्हणतोय, तुमच्यावरच भागतं.” तेही चालवून घेतलं असतं. पण आमची ओवी तेव्हा सहा वर्षांची, तिचा आवाज मुळातच बारीक. ती आबांना शाळेतल्या गोष्टी सांगायची आणि ते नुसते हसून मान हलवायचे. मग ती माझ्याकडे यायची. “आई, आबा खोटं खोटं ऐकतात.”

मी त्यांना क्लिनिकच्या साउंडप्रूफ बूथमध्ये बसवलं. हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच करायचं असतं. जाड, खालचे आवाज त्यांना बऱ्यापैकी ऐकू येत होते. बारीक आवाज सुरू झाले आणि आबा बटण हातात धरून समोर बघत बसले. काचेतून मला दिसत होतं – आवाज मी वाढवत नेते आहे आणि ते शांतपणे वाट बघत आहेत. वर्षानुवर्षं इंजिनाशेजारी बसणाऱ्या माणसाचा कान असाच जातो. आधी वरचं टोक झिजतं... पाखरं, शिट्ट्या, पोरांचे आवाज.

मशीन लावलं तो दिवस मी विसरणार नाही. ओवी त्यांच्या समोर उभी राहिली आणि मुद्दाम अगदी हळू म्हणाली, “आबा, मला पोळीचा लाडू हवाय.” आबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि रडायलाच लागले. त्यानंतर दोघांची जी गट्टी जमली! संध्याकाळी सोसायटीच्या बागेत दोघं बाकावर बसायची आणि ती अखंड बडबडायची. मला वाटलं, आपल्या शिक्षणाचं सार्थक झालं.

फार टिकलं नाही. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला आबा एका सकाळी मशीन हातात घेऊन स्वयंपाकघरात आले.

“ह्या मशीन शिट्टी मारता गो.”

आता कानाचं मशीन शिट्टी मारतं, ही जगातली सगळ्यात जुनी तक्रार आहे. कानात बसणारा साचा सैल असला की आतला आवाज बाहेर गळतो, परत मशीनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. मी साचा बदलला. तरी शिट्टी. मळ काढला, आवाज कमी केला, मशीनच दुसरं दिलं. तरी शिट्टी. शेवटी मी जरा तिरसटपणेच म्हटलं, “आबा, इतकी शिट्टी तर वाहतूक पोलीसही मारत नाहीत.”

ते हसले नाहीत. “ही ती शिट्टी न्हय,” म्हणाले, आणि मशीन डबीत ठेवून दिलं.

हळूहळू ते मशीन काढूनच बसायला लागले. ओवी आली की घालायचे, थोडा वेळ तिचं ऐकायचे, मग चेहरा बदलायचा. हात कानाकडे जायचा. ओवी बोलत असतानाच मशीन बाहेर. ती रुसली, मग तिने सांगायचंच सोडलं. नीलेश माझ्यावर चिडला. “अख्ख्या पुण्याच्या कानात तू मशीनं बसवतेस आणि माझ्या बापालाच जमत नाही?” मी म्हटलं, हा कानाचा प्रश्न राहिलेला नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग एका दुपारी क्लिनिक रिकामं असताना मी आबांना घेऊन गेले, समोर बसवलं आणि म्हटलं, “ठीक आहे. शिट्टी कशी आहे ते मला वाजवून दाखवा.”

पेशंटला आम्ही हे नेहमी विचारतो. बहुतेक जण ‘ऊंऽऽ’ किंवा ‘ईंऽऽ’ असा एकसुरी आवाज काढतात. आबांनी ओठांचा चंबू केला आणि शिट्टी वाजवली. खालून वर चढणारी, मध्येच बारीकशी लचकणारी, परत वर जाऊन तुटणारी. मग थांबले. मान थोडी तिरपी केली. परत तीच शिट्टी, जशीच्या तशी. परत थांबले.

“मध्येच का थांबता?” मी विचारलं.

“मी खय थांबतंय? ती थांबता.”

“ती कोण?”

“पोराची आवस.”

आवस म्हणजे आई. आबा माझ्याशी शक्यतो पुण्याचं मराठी बोलायचे, पण जीव गुंतला की मालवणीत शिरायचे. ती दुपार सगळी मालवणीत गेली. जे त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं, मी माझ्या शब्दांत लिहिते.

त्यांच्याकडे एक शिरस्ता होता. सकाळी होड्या निघाल्या की ज्याला पहिल्यांदा डॉल्फिनचा पंख दिसेल त्याने उभं राहून कापड फिरवायचं. मग बाकीच्या होड्या तिकडे वळायच्या. एकट्याने बघून गुपचूप परत यायचं नाही. डॉल्फिन न दाखवता पर्यटकांना किनाऱ्यावर आणणं म्हणजे होडीवाल्याची नामुष्की, तेव्हा सगळ्यांचीच लाज राहावी म्हणून पडलेली ही रीत. त्यात कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. होड्या गोल करून उभ्या राहायच्या, इंजिनं चालूच. शिवाय तिथे सगळ्यांची समजूत अशी की इंजिन जोरात केलं की डॉल्फिनला गंमत वाटते आणि ते वर येतात. म्हणून प्रत्येक जण आपापलं इंजिन मध्येच घुमवायचा.

होडी विकली त्या सीझनला तिथे एक मादी होती, बरोबर पिल्लू. एका सकाळी खूप होड्या जमल्या, पाणी नुसतं घुसळून निघालं. त्या गोंधळात पिल्लू कधी दिसेनासं झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवसापासून ती मादी त्याच जागी दिसते. होड्या आल्या तरी लांब जात नाही. होडीच्या अगदी जवळ डोकं वर काढते, गोल फिरते, खाली जाते, पलीकडच्या बाजूने वर येते. परत तेच. पर्यटक खुश! ‘ए, नाचतेय बघ!’ लोक खास आबांची होडी मागून घ्यायला लागले, कारण आबांनी इंजिन घुमवलं की ती हटकून येते, अशी गावात बातमी झाली.

“आमका वाटला, नाचता ती,” आबा म्हणाले. “लोक टाळ्यो वाजवीत. मी पण वाजवलंय.”

काही दिवसांनी सुरूच्या झाडांपाशी वाळूत पिल्लू सापडलं. गावातल्याच लोकांनी खड्डा करून पुरलं.

त्याच आठवड्यात पुण्याहून एक मुलगी आली होती, समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करणारी. तिने पर्यटक नसताना आबांची होडी घेतली. पाण्यात सोडायचा माइक तिच्याकडे होता. त्या जागी गेल्यावर तिने आबांना इंजिन बंद करायला सांगितलं. आबांचं इंजिन जुनं, बंद करताना दोन उचक्या द्यायचं आणि मग गप्प व्हायचं. तसं ते गप्प झालं. तिने हेडफोन लावला, आवाज पूर्ण मोठा केला आणि कौतुकाने आबांच्याही कानाला लावला.

तेव्हा त्यांनी ती शिट्टी पहिल्यांदा ऐकली. ही काय म्हणते, असं त्यांनी विचारलं. मुलीने सांगितलं की प्रत्येकीची शिट्टी वेगळी असते, आपलं नाव असावं तशी. पिल्लू लांब गेलं की आई तीच शिट्टी परत परत घालते, थांबते, उत्तराची वाट बघते. त्यांना पाण्यात डोळ्यांनी फार लांबचं दिसत नाही, सगळं कानावर चालतं. आणि इंजिनं चालू असली की खाली इतका गोंगाट होतो की जवळच्या जवळही एकमेकींना ऐकू जात नाही.

पिल्लू वाळूत पुरलंय, हे आबांना माहीत होतं. त्या मुलीला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलंही नाही.

एवढ्यात लांबून कुणीतरी कापड फिरवलं. होड्या वळल्या. मुलगी म्हणाली, चला, निघू या. आबांनी इंजिन सुरू केलं. हेडफोन अजून त्यांच्याच कानावर होता.

“पाण्याखालसून माझाच इंजिन ऐकलंय गो,” आबा मला म्हणाले. “तेच्यात ती बुडान गेली.”

मी बाहेर जाऊन चहा सांगून आले. दुसरं काय करावं ते सुचेना.

माझं निदान पक्कं झालं होतं – हा सगळा मनाला लागलेला घोर आहे. कानात बारीक आवाज नव्याने शिरायला लागला आणि मनाने तो त्या शिट्टीचा करून टाकला. पुस्तकात बसणारी केस. मी आबांना म्हटलं, मशीन आज माझ्याकडे ठेवून जा, साफ करून देते. त्यांना रिक्षात बसवलं आणि आत आले.

इथून पुढचं मला समजावून सांगता येत नाही.

मशीन तपासायला आमच्याकडे एक नळी असते. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखीच, फक्त पुढे छातीला लावायची चकती नसते, तिथे मशीन अडकवतात. मशीनमधून येणारा आवाज आपण आपल्या कानांनी ऐकायचा. मी आबांच्या मशीनचा सेल काढून टेबलावर ठेवला, मशीन पुसलं, आणि सवयीने नळीला अडकवून नळी कानात घातली. सेल घालायचा राहिला होता. सेलचं दार उघडंच होतं. म्हणजे माझ्या कानात त्या वेळी रबराच्या नळीखेरीज काही यायला नको होतं.

इंजिन चालू होतं. लांब नव्हतं, माझ्या अगदी पायाखाली असल्यासारखं. जाड, ओलं घुमणं... मध्येच चढायचं, मध्येच उतरायचं. आणि त्याच्या तळाशी, महत्प्रयासाने वर येणारी ती शिट्टी. खालून वर, मध्ये लचक, परत वर. मग काही नाही, नुसतं इंजिन. मग परत शिट्टी.

मी सेल हातात घेऊन बघितला. मशीन हलवलं. मोबाइल बंद केला, एसी बंद केला, पंखा बंद केला. आवाज चालूच. आमच्या रिसेप्शनवर मेघना असते, तिला बोलावलं आणि काही न सांगता नळी तिच्या कानात दिली. तिने क्षणभर ऐकलं. “मॅडम, ट्रॅक्टर कुठे चालू आहे?” मग तिचं लक्ष सेलच्या उघड्या दाराकडे गेलं. नळी टेबलावर ठेवून ती बाहेर निघून गेली आणि आजतागायत तिने त्या विषयावर एक शब्द काढलेला नाही. मी मोबाइलवर रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला. त्यात माझ्या बांगड्या वाजल्या आहेत, बाकी काही नाही. आणि नंतर परत नळी लावली तेव्हा आवाज थांबलेला होता.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी आबांच्या शेजारी बसले आणि मशीन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कानात घातलं. मी म्हटलं, “आबा, मी ऐकलं.”

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुका पण ऐकाक इला?”

“हो.”

त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की काय सांगू. मग माझा हात धरून ते लहान मुलासारखे म्हणाले, “तर मग इंजिन बंद कर गो. तुझा कामच ता. पोराक तिचा ऐकाक येईना.”

पोर आता नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण तो विषय काढायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, मशीन काढून ठेवा, मग ऐकू येणार नाही.

“मशीन काढलंय तर माका ऐकाक येवचा नाय. तेना इंजिन बंद होतला काय?”

मी लोकांना ऐकू यावं म्हणून काम करते... आवाजच थांबवायचा कसा, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

नीलेशला सांगितलं. तो आधी हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. त्याने गावाला फोन लावला, ज्याने होडी घेतली होती त्याला. तो म्हणाला, “अरे, होडी कधीच वर ओढली. पावसात कोण पाण्यात घालतो? इंजिन काढून माझ्या पडवीत ठेवलाय, गोणपाटात गुंडाळून.” नीलेशने ते आबांना समजावून सांगितलं – आबा, इंजिन पडवीत आहे, बंद आहे, तिकडे एकही होडी पाण्यात नाही.

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “वर बंद आसा,” म्हणाले. “खाली चालूच आसा.”

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायची आता माझीच इच्छा राहिली नव्हती. आबांना नेलं असतं तर त्या डॉक्टरांना काय सांगितलं असतं, की सुनेलाही ऐकू येतं?

त्यानंतर आबांनी मशीन परत काढून ठेवायचं बंद केलं. दिवसभर कानात. मी विचारलं, त्रास होत नाही का? तर म्हणाले, “होता. पण कोणीतरी ऐकाक होया मा.” कुणीतरी ऐकायला हवं ना... एवढं साधं त्यांचं म्हणणं. ओवी परत त्यांना गोष्टी सांगायला लागली, आणि ते ऐकायचे, हसायचे, पण मध्येच त्यांची मान तिरपी व्हायची. ओवीला ते कळायला लागलं होतं. ती वाक्य अर्ध्यात सोडून थांबायची, त्यांची मान सरळ झाली की पुढचं बोलायची. ते दोघं तसे बाकावर बसलेले दिसले की मी खिडकीतून आत वळायची. बघवायचं नाही.

थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेलं, तिथून आयसीयूत. आत जाताना नर्सने त्यांची कवळी आणि मशीन काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. ऐकू येत नसलेला माणूस आयसीयूत फार एकटा पडतो, मी नर्सला विनवलं की मशीन राहू द्या. ती म्हणाली, “मॅडम, ऑक्सिजनच्या मास्कखाली बसत नाही ते, आणि हरवलं तर आमच्यावर येतं.” तिचंही बरोबर होतं. भेटायच्या वेळी आत गेले तर आबा मास्कच्या आतून पुटपुटत होते. डॉक्टर म्हणाले, इथल्या यंत्रांच्या आवाजाचा त्रास होतो पेशंटना, ‘बंद करा, बंद करा’ म्हणतात सगळेच. मी मान हलवली. ज्यांना ती यंत्रं ऐकूच येत नव्हती त्यांच्याबद्दल काय बोलायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खुर्चीवर बसले होते. नीलेश खाली औषधं आणायला गेला होता. कॉरिडॉरमध्ये ऊन आलं होतं, समोर कुणीतरी डबा उघडून पोहे खात होतं. काही पेशंट त्यांच्या घरी जाऊन तपासायचे असतात म्हणून नळी माझ्या पर्समध्ये कायम असते. मला का सुचलं माहीत नाही... मी पिशवीतून मशीन काढलं, सेल काढून रुमालात ठेवला आणि नळी कानात घातली.

इंजिन होतं. शिट्टी होती. आधीपेक्षा थकलेली, मधली थांबायची जागा लांबलेली. मी डोळे मिटून बसून राहिले. मला तिची इतकी कीव आली, आणि आबांची, आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्या माणसांचीसुद्धा, की त्या कॉरिडॉरमध्ये परक्या माणसांसमोर मला रडू फुटलं.

आणि मग इंजिनाने एक उचकी दिली. मग दुसरी. आणि बंद झालं.

काय शांतता होती ती! मी साउंडप्रूफ बूथमध्ये काम करणारी बाई आहे, पण तशी शांतता मी कधी ऐकलेली नाही. पाणी होतं, खूप मोठं पाणी, आणि त्यात कुठेच काही चालू नव्हतं. त्या शांततेत ती शिट्टी एकदा आली. स्वच्छ, पूर्ण, खालून वरपर्यंत. मग ती थांबली. वाट बघायला थांबायची तशी.

मी नळी ओढून काढली आणि आत धावले. नर्स अडवत होती, मी ऐकलं नाही. आबांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, “आबा, इंजिन बंद झालं. आबा, बंद झालं हो इंजिन.” मॉनिटरवरची रेघ तोवर सरळ झालेली होती. आणि त्यांच्या कानात मशीन नव्हतं. ते माझ्या मुठीत होतं.

दिवस-कार्य गावाला केलं. अस्थी होडीतून समुद्रात न्यायच्या होत्या. नीलेशने कुणाला काही कारण न सांगता वल्ह्यांची जुनी होडी मागून घेतली, दोघा चुलत भावांनी वल्हवली. ओवी किनाऱ्यावर माझा हात धरून उभी होती. तिने विचारलं, “आबांचं मशीन तर आपल्याकडेच राहिलं. मग त्यांना तिथे ऐकू कसं येणार?” मी तिला काय सांगितलं ते आता आठवत नाही. काहीतरी सांगितलं.

जुनी मशीनं आम्ही गरजू पेशंटना देतो. हे मी दिलेलं नाही. क्लिनिकच्या खणात डबीत आहे. अधूनमधून नळी लावून बघते. रबराची नळी आहे, तिच्यात जे असायला हवं तेच असतं, म्हणजे काही नाही.

सहकाऱ्यांनी मला स्पष्टीकरणं दिली आहेत. ताण, झोप नाही, माझ्याच रक्ताचा आवाज, आबांच्या गोष्टीचा परिणाम. पेशंटला मीही हेच सांगितलं असतं. मग मेघनाचा ट्रॅक्टर कुठला, हे कुणी सांगत नाही. मलाही सांगता येत नाही, आणि मी आता त्या वाटेला जात नाही. माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच ठिकाणी.

ती शिट्टी नंतर परत आली नाही. हाक थांबायला कारणं दोनच असतात – उत्तर आलं तरी थांबते, आणि आशा सुटली तरी थांबते. मी नळी काढली नसती तर कदाचित कळलं असतं. कदाचित तरीही नसतं, कारण कानाची ही मशीनं माणसांच्या बोलण्यासाठी केलेली असतात, फार बारीक आवाज ती पुढे पाठवतच नाहीत. पिल्लाचा आवाज आईपेक्षाही बारीक असणार. सेल नसलेल्या मशीनबद्दल मी हे बोलते आहे, याची मला कल्पना आहे. पण पिल्लाने उत्तर दिलं असेल आणि ते फक्त मला ऐकू आलं नसेल, असं मी धरून चालले आहे.